‘ही गो’ ही चूक मराठीमुळे होत नाही

प्रश्न : मी हडपसर येथील मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. ‘ही गोज’ हे रूप कितीही वेळा घोकून घेतले तरी मुले ‘ही गो’ असेच लिहितात. बी.एड.ला अभ्यासलेल्या द्वितीय भाषा अध्ययनाच्या उपपत्तींचा येथे काही उपयोग होईल का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : नक्कीच होईल. घोकून घेण्यामागे वर्तनवाद, म्हणजे सरावाने सवय लागली की शिकणे झाले हे मत, आहे. भाषा ही सवय आणि चूक म्हणजे बहुतांशी मातृभाषेची आड येणारी सवय, या समजुतीतूनच भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांची तुलना करून अडचणींचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. आपले उदाहरण मात्र त्या अंदाजात बसत नाही. ‘तू जातोस’, ‘ते जातात’ असे मराठी क्रियापद पुरुष-वचनानुसार इंग्रजीपेक्षाही अधिक बदलते. त्यामुळे ‘ही गो’चे खापर मराठीवर फोडता येत नाही. (‘अ’, ‘द’ ही उपपदे गळतात, तेथे मात्र मराठीचा प्रभाव मानावा लागतो, कारण मराठीत तशी उपपदे नाहीत.) निरनिराळ्या मातृभाषांच्या मुलांना ‘गोज’सारख्या क्रियापदाच्या शेवटी येणारा हा ‘एस’ उशिराच साधतो. भाषा-अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडले, त्याप्रमाणे शिकणाऱ्याच्या मनात स्वतःचे नियम असलेली एक अंतरभाषा घडत असते, आणि चुका हा तिचाच पुरावा असतो.

भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा भर समजेल अशी भाषा भरपूर कानी पडण्यावर आहे. आपल्या मुलांना वर्गाबाहेर इंग्रजी संवाद क्वचितच ऐकू येतो, म्हणून आपले सोपे, अर्थपूर्ण बोलणे हाच त्यांचा मोठा आधार आहे. तेवढेही पुरत नाही, कारण कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना आकलन उत्तम असूनही बोलण्या-लिहिण्यात चुका राहतात, हे तेथील संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये निदर्शनास आणले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा १९७९ पासूनचा बंगळूर प्रकल्प, कारण तो आपल्यासारख्याच शाळांत, व्याकरण वेगळे न शिकवता, मुलांना कृती देऊन राबवला गेला. पुणे-लोणावळा लोकलचे वेळापत्रक फळ्यावर लिहून ‘व्हेन डझ द ट्रेन लीव्ह पुणे?’ असे विचारावे आणि मुलांना गाडी निवडू द्यावी. त्यानंतर त्यांच्याच उत्तरांतील एक वाक्य घेऊन तेवढ्या ‘एस’कडे लक्ष वेधावे, बाकीच्या चुकांना त्या दिवशी लाल शाई लावू नये.