टेबलटॉप खेळांतल्या मॉन्स्टरांची सूची करताना काय घ्यावं, काय सोडावं?

तुम्ही विचारलंय की वेगवेगळ्या पुस्तकांतले मॉन्स्टर एका सूचीत आणताना साधे प्राणी, देवदेवता, घरचे बनवलेले मॉन्स्टर आणि एकाच मॉन्स्टरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, या सगळ्यांना जागा द्यायची का.

भुसावळला आमचा रविवारचा गट आहे, त्याची सूची मी सांभाळतो. माझी कसोटी अशी: छापील पुस्तकात ज्याला स्वतःचा स्टॅट ब्लॉक (लढाईत लागणाऱ्या आकड्यांचा तक्ता) आहे तो आत, नुसता उल्लेख असलेला बाहेर. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सूची उघडतो तेव्हा लढाई तोंडावर आलेली असते. त्याला पान हवं असतं, आणि त्या पानावर आकडे सापडायलाच हवेत.

प्राणी या कसोटीने आपोआप आत येतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे मॉन्स्टरांच्या पुस्तकात, लांडगा, घोडा, उंदीर मागे परिशिष्टात आहेत, म्हणून नजरेतून सुटतात. पण ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारं पात्र) खेळणाऱ्याला रूप बदलताना नेमके तेच लागतात. पुढच्या परिशिष्टातले डाकू आणि पहारेकरीही घ्या.

ड्रॅगनपाशी जरा थांबा. 'लाल ड्रॅगन' हे शीर्षक एकच, पण खाली चार वयांचे चार स्टॅट ब्लॉक: पिल्लाचं चॅलेंज रेटिंग (लढायला किती अवघड ते सांगणारा आकडा) ४, तरुणाचं १०, प्रौढाचं १७, प्राचीनाचं २४. एकाच ओळीत उरकलंत तर नवख्या पोरांसमोर कोणता उभा करायचा, हे कळणार कसं? चार ओळी करा.

आवृत्त्यांबाबत मी ठाम आहे, त्या एकत्र करू नका. 'राक्षस' नावाच्या मॉन्स्टरचंच बघा. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. २०१४ मध्ये सत्प्रवृत्त पात्राने जादूच्या टोकदार शस्त्राने वार केला तर दुप्पट इजा होते, एवढंच. वाघाचं डोकं तेच, लढाई निराळी. २०२५ च्या पुस्तकात तर ऑर्कला स्वतःचा स्टॅट ब्लॉकच उरलेला नाही आणि गॉब्लिन 'फे' (परीलोकातले जीव) गटात गेलाय. सगळं एका ओळीत कोंबलं की हे फरक दिसेनासे होतात.

कसोटी मी मोडतो ती देवांपाशी. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्समध्ये इंद्र, विष्णू, लक्ष्मी यांनाही हिट पॉइंट्स (किती मार सोसतो ते सांगणारे आकडे) दिलेत. नियमाने ते आत यायला हवेत, पण मी त्यांची यादी वेगळी ठेवतो. श्रावणात ज्यांच्या घरी कानबाई (खानदेशातली देवी) बसते ती पोरं आमच्या टेबलावर असतात. पूजेतला देव मॉन्स्टरांच्या रांगेत लावणं मला पटत नाही.

घरचे मॉन्स्टर स्वतंत्र पानावर ठेवा, बनवणाऱ्याच्या नावासकट. मुंजा, चकवा, हाडळ खुशाल येऊ द्या, आजीच्या गोष्टींतून आलेली ही मंडळी टेबलावर फार रंगतात. डाकीण मात्र मी घेत नाही. आमच्या गटात तशी सूचना आली तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. इथून सातपुडा काही लांब नाही. नंदुरबारकडच्या पाड्यांवर जिवंत बायांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यावरही तो छळ संपलेला नाही. त्या नावापुढे हिट पॉइंट्स लिहायला माझा हात धजत नाही, आणि तुम्हीही लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलं. सूची ऑनलाइन टाकणार असाल तर स्टॅट ब्लॉक उतरवून घेऊ नका. नाव, पुस्तक, आवृत्ती, पान, चॅलेंज रेटिंग एवढं पुरतं. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१, म्हणजे प्रकाशकाने दिलेला मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यातले आकडे श्रेय देऊन वापरता येतात. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या मॉन्स्टरांचे स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, त्यांच्यापुढे फक्त पान क्रमांक द्या.