सहीपूर्वी करारातले शिक्षणाचे कलम शोधा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

फिजीची राजधानी सुवाहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपण एका भारतीय बँकेच्या तेथील शाखेत अधिकारी आहात. आपल्या घरमालकांचा अठरा वर्षांचा मुलगा यंदा तेरावीत, म्हणजे तेथील शाळेच्या शेवटच्या वर्षात, असून डीन्स करंडकाच्या शालेय सामन्यांतला त्याचा खेळ पाहून फ्रान्समधील एका रग्बी क्लबाने त्याला तीन वर्षांचा करार देऊ केला आहे. ‘तुम्ही बँकेतले, तुम्हाला कागद कळतात,’ असे म्हणत त्याचे वडील तो फ्रेंच करार घेऊन आपल्याकडे आले. त्याने जावे का, शिक्षणाचे काय होईल आणि पुढे फिजीकडून खेळता येईल का, हे तिघांच्याही मनातले प्रश्न आपण मांडले आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी लोकसंख्या असलेल्या या देशाने २०१६ मध्ये रिओला सातजणांच्या रग्बीत ग्रेट ब्रिटनचा ४३–७ असा पराभव करून आपले पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, तेही सुवर्ण. त्या विजयाप्रीत्यर्थ काढलेली सात डॉलरची नोट आपल्या हाताखालून गेलीच असेल. त्यामुळे मुलाच्या गुणांविषयी मी शंका घेत नाही. मात्र हा करार त्याला आत्ताच, अठराव्या वर्षीच का आला, हे वडिलांनी समजून घेणे फार आवश्यक आहे. फ्रान्सच्या व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक क्लबाला संघात ठरावीक सरासरीने ‘जिफ’ खेळाडू, म्हणजे फ्रान्समध्येच घडलेले खेळाडू, उतरवावे लागतात, आणि कोवळ्या वयात तेथील मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात किमान तीन हंगाम काढलेला खेळाडू, त्याचा जन्म कुठेही झालेला असो, या गणनेत धरला जातो. हाच मुलगा चोविसाव्या वर्षी गेला, तर तो परदेशी म्हणून मोजक्या जागांसाठी झगडेल. आज गेला, तर क्लबाचा नियमही सांभाळला जातो. म्हणजेच क्लबाला त्याच्या वेगाइतकीच त्याच्या वयाचीही गरज आहे, आणि ज्याची गरज आहे त्याचा मोबदला मागण्यात संकोच नसावा.

तो मोबदला पगारवाढीत मागू नये, शिक्षणात मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मान्यताप्राप्त केंद्रात घेतलेल्या खेळाडूशी क्लबाला स्वतंत्र प्रशिक्षण करार करावा लागतो आणि त्यात शालेय, विद्यापीठीय किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाची सोय असावी लागते. आपल्यापुढच्या कागदांत तो करार आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नसेल आणि केवळ मासिक रक्कम, खोली व विमानाचे तिकीट एवढेच लिहिलेले असेल, तर सही करू नये. दुखापतीने खेळ थांबल्यास वेतन, उपचार आणि परतीचा खर्च कोण देणार, हेही लिहून घ्यावे. मध्यस्थाकडे फ्रेंच महासंघाचा परवाना हवा. तेथील कायद्यानुसार त्याला कराराच्या रकमेच्या १० टक्क्यांहून अधिक दलाली घेता येत नाही.

फिजीतल्या नान्द्रोंगाचा अलिवेरेती राका फ्रान्सच्या क्लेरमाँ क्लबाच्या अकादमीमार्गे गेला, तेथेच घडला आणि २०१९ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळला, हे वडिलांना ठाऊक असेलच. त्यांनी फिजीच्याच लिओनी नाकारावाचे उदाहरणही लक्षात ठेवावे. २०१८ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या नाकारावाचा करार पुढच्याच वर्षी, विश्वचषकानंतर तो फिजीहून उशिरा परतला म्हणून, रेसिंग ९२ या फ्रेंच क्लबाने संपुष्टात आणला. गावाकडचे बोलावणे टाळता येत नाही, ही भावना क्लबाच्या तारखांना कळत नाही.

हेच पैशांच्या बाबतीत. नातेवाइकाने मागितले तर नाही म्हणू नये, ही ‘केरेकेरे’ची रीत आपण तेथे रोज पाहता. परदेशी पगार सुरू झाला की छप्परापासून शाळेच्या फीपर्यंत सगळ्या मागण्या त्या एका मुलाकडे वळतात. येथे मार्गदर्शकापेक्षा बँकेतला शेजारी अधिक उपयोगी! दरमहा ठरलेली रक्कम आईच्या खात्यावर आपोआप जावी आणि मागणाऱ्यांनी आईशी बोलावे, अशी व्यवस्था आपणच लावून द्यावी.

देशाकडून खेळण्याविषयी काळजी नसावी. दुसऱ्या देशाचा संघ स्वीकारेपर्यंत तो फिजीचाच राहतो, आणि ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळात क्लबाने खेळाडू सोडावा, असा जागतिक नियम आहे. सातजणांच्या रग्बीची वर्षभराची मालिका मात्र क्लबाच्या हंगामाशी जुळवणे कठीण. ऑलिंपिक हेच त्याचे स्वप्न असेल, तर आत्ताच बोलून घ्यावे.

एक पर्याय घरचाच आहे. २०२२ पासून फिजियन ड्रुआ हा संघ सुपर रग्बी पॅसिफिक या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संघांसोबतच्या व्यावसायिक स्पर्धेत सुवा आणि लौतोका येथे सामने खेळतो, आणि २०२३ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२–१५ असे हरवणाऱ्या संघात त्याचे अनेक खेळाडू होते. शिक्षणाचे कलम द्यायला क्लब तयार नसेल, तर ड्रुआच्या अकादमीसाठी प्रयत्न करत सुवातल्याच लाउथालाच्या विद्यापीठात प्रवेश घेणे मी अधिक पसंत करीन. क्लब तयार असेल, तर त्याने जरूर जावे, पण तेरावीची परीक्षा देऊन. आणि तोवरच्या महिन्यांत सुवाच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकायला लागावे, म्हणजे सहीच्या दिवशी निदान कलमांची शीर्षके तरी त्याला स्वतःला वाचता येतील.

आपला,
करिअर मार्गदर्शक