दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप आणि जुना फोन, यांच्यावर कुठलं हलकं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकावं?

तुम्ही लिहिलंय की जांबोटीकडं गाव आहे, वडिलांचा २०१३ चा लॅपटॉप आहे, थर्ड जनरेशन आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० ची हार्डडिस्क, विंडोज १० चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतंय, भाऊ दहावीला आहे त्याला मराठी नि कन्नड दोन्ही टाइप करायला लागतंय, वडिलांना जमिनीचे उतारे बघायचे असतात, आणि सोबत अँड्रॉइड ८ चा २ जीबीचा एक फोन पडून आहे. सगळ्यात हलकं कुठलं टाकू का सरळ विकू असं विचारलंय. विकू नका ओ. भंगारात त्याचं काय येणार नाही आणि अजून तीन-चार वर्षं ते मशीन आरामात काम करतंय.

मी निपाणीची, झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे माझं. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे अपडेट बंद झाले तेव्हा दुकानातल्या दोन जुन्या मशीनचं काय करायचं म्हणून पहिल्यांदा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कोड सगळ्यांना खुला असलेली (ओपन सोर्स) सिस्टिम टाकली, तेव्हापासनं गल्लीतली, पाव्हण्यांची, मास्तरांची मशीनं येतच असतात. त्यात माझ्या हातनं एक चूक झालेली, ती आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नावरनं तुम्ही पण त्याच वाटेनं निघालाय असं वाटतंय.

मी पण तेव्हा 'सगळ्यात हलकं' हेच शोधत होते. आमच्या मामांचा तंबाखूचा व्यापार, त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर मी पपी लिनक्स टाकून दिलं. पपी खरंच हलकं, बॅरी कौलर म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी २००३ ला काढलेलं, ते सगळंच्या सगळं रॅममध्ये उचलून घेतंय आणि तिथनंच चालतंय, म्हणून मरायला टेकलेलं मशीन पण पळायला लागतंय. पण रॅममध्ये चालतंय म्हणजेच बंद करताना सेव्ह करायचं का म्हणून विचारतंय, आणि मामांना ते इंग्लिश कळलं नाही, त्यांनी 'नको' दाबलं. दिवसभराचा वजनाचा हिशोब गेला. मामा काही बोलले नाहीत, रात्री बसून पुन्हा वहीत लिहून काढलं, मला मात्र फार लागलं ते. तेव्हापासनं मी रॅम किती खातंय एवढंच बघत नाही, घरातल्या माणसाला कुणाला फोन न लावता ते वापरता येतंय का आणि पुढची तीन-चार वर्षं अपडेट येणार का, हे पण बघते. पपीचा पेनड्राइव्ह अजून माझ्या पर्समध्ये असतोय, विंडोज चालूच होत नाही अशा मशीनमधनं फोटो नि फाइली काढायला तो लय कामाचा, पण रोजच्या वापराला घरच्यांना देत नाही.

आता तुमचं मशीन. सॉफ्टवेअरच्या आधी हार्डडिस्क बदला. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि तिच्यावर सुई पुढंमागं सरकून वाचते, रॅम भरली की सिस्टिम उरलेला माल त्या डिस्कवर नेऊन ठेवतंय आणि पुन्हा पुन्हा आणतंय, तेव्हाच ते मशीन गोठल्यासारखं होतंय. साधी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्या, २४० जीबीची बास झाली, तुमच्या लॅपटॉपला तीच बसते. जमलं तर रॅमची एक ४ जीबीची जुनी स्टिक पण बघा, डीडीआर थ्रीच पायजे, फोर बसत नाही, बेळगावात जुने लॅपटॉप खोलून पार्ट विकणाऱ्यांकडं मिळते. एसएसडी न घालता नुसतं लिनक्स टाकलं तर फरक पडेल, पण तुम्हाला वाटतंय तेवढा नाही पडणार.

मग त्याच्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा प्रकार, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. विंडोज १० चे फुकटचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर मागतंय, म्हणजे तुमच्या मशीनला ते दार बंदच. मिंट कमीत कमी २ जीबी रॅम मागतंय आणि ४ मध्ये बरं चालतंय, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडं, त्यामुळं विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला अर्ध्या तासात हात बसतोय, आमच्या वडिलांना तर मी सांगेपर्यंत काही बदललंय हेच कळलं नव्हतं. माझ्या दुकानातल्या ४ जीबीच्या मशीनवर ते नुसतं चालू करून ठेवलं तर ७०० एमबीच्या आसपास घेतंय. अँटीएक्स म्हणून दुसरं लिनक्स आहे ते ह्याच्याहून पुष्कळ कमी घेतंय, पण ते घरच्यांना समजवत बसायची तयारी असली तरच.

जाता जाता, वाचणाऱ्या दुसऱ्यांसाठी, मशीन जर ३२ बिटचं, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरचं, असेल तर फार खर्च करू नका. डेबियन ह्या लिनक्सनं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १३ पासनं ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकलाय, फायरफॉक्सनं पण लिनक्सवरचं ३२ बिट थांबवलंय. असलं मशीन गाणी ऐकायला, टायपिंग शिकायला ठेवा, बँकेच्या साइटी त्याच्यावर उघडू नका.

लोक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठला याच्यावर भांडतात, पण रॅम खातोय तो ब्राउझर. एकेक टॅब शंभर-दोनशे एमबी सहज घेतोय. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घाला, जाहिरातींचा सगळा बोजा पानावर यायच्या आधीच बाहेर राहतोय, जुन्या मशीनवर ह्याचा फरक डोळ्याला दिसतोय. आणि भावाला सांगून ठेवा की एका वेळी चार-पाचच टॅब. व्हिडिओ डाउनलोड केलेले असतील तर व्हीएलसीमध्ये बघा.

आता टायपिंगचं, आपल्या भागात खरी अडचण हीच असते आणि पुण्या-मुंबईवाल्यांच्या उत्तरात ही कधी येत नाही. भावाला सकाळी मराठीत निबंध लिहायचाय, दुपारी कन्नडचा गृहपाठ, आणि वडिलांना पंचायतीला अर्ज द्यायचा तर तो कन्नडातनंच. विंडोजवर लोक मराठीला एक सॉफ्टवेअर, कन्नडला नुडी, असं वेगवेगळं टाकून ठेवतात. मिंटमध्ये काही टाकायलाच लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन मराठी नि कन्नड दोन्ही ॲड करा, बदलायला एक शॉर्टकट ठरवा, झालं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा सरकारी कीबोर्ड लेआउट, शिकवा त्याला, पहिले पंधरा दिवस जड जातंय पण त्याचा फायदा असा की ते सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच मापानं बसवलंय, म्हणजे 'के' च्या बटणावर मराठीत क येतोय आणि कन्नड केलं की त्याच बटणावर कन्नडचा क. एकदा मराठीचा हात बसला की कन्नडचा नव्वद टक्के आपोआप बसला, फक्त कन्नडात ऱ्हस्व एकार नि ओकार वेगळे आहेत, मराठीत ते नाहीत, त्यांची बटणं तेवढी वेगळी लक्षात ठेवायची. माझ्याकडं दुकानात कामाला असलेली मुलगी मराठी शाळेत शिकलेली, तिला कन्नड वाचता यायचं पण टाइप करायची भीती वाटायची, ती अशीच महिन्याभरात कन्नड अर्ज मारायला लागली.

आणि भावाला शाळेत नुडीचा कीबोर्ड शिकवला असेल तर तो पण आत आहे, लेआउटच्या यादीत कगप नावानं शोधा. के. पी. राव यांचा तो फोनेटिक लेआउट, कन्नड गणक परिषदेनं घेतलेला, म्हणून कगप. गंमत म्हणजे त्याच यादीत मराठीचा पण कगप आहे, म्हणजे कन्नडकडनं मराठीकडं पण तसंच जाता येतंय. एक मात्र बघून घ्या, जुन्या नुडी फॉन्टमधल्या किंवा मराठीतल्या जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या एकाच अक्षर-कोडच्या, नसतात, त्या उघडल्या की इंग्लिश अक्षरांची खिचडी दिसतेय, फाइल बिघडली म्हणून लोक घाबरतात. बिघडलेली नसते, युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला लागतेय. फॉन्टांना नोटो नि लोहित बास आहेत, आणि छापायला देखणा पायजे असेल तर 'एक टाइप' ह्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट, तो पण ओपन.

ऑफिसला लिबरऑफिस मिंटबरोबर येतंच. वर्डच्या फाइली उघडतात, फक्त फॉन्ट वेगळा लागला तर ओळी खालीवर होतात, म्हणून कुठं द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्या. प्रिंटर असेल तर आधी मॉडेल टाकून लिनक्सवर चालतोय का बघा. एचपीचे बहुतेक चालतात, पण माझ्याकडचा एका कंपनीचा जुना छोटा लेझर प्रिंटर तीन रविवार घालवून पण चालला नाही, शेवटी त्याच्यासाठी एक विंडोजचं मशीन तसंच ठेवलंय. टॅली, किंवा डिजिटल सिग्नेचरचा टोकन, असलं काही वडिलांचं काम असेल तर विंडोज पुसू नका. उतारे बघायचं काम भूमीवर, म्हणजे कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या साइटवर, ब्राउझरमधनं होतंय.

फोनचं थोडक्यात. व्हॉट्सॲप नि एक ब्राउझर ठेवून बाकीची मोठी ॲपं काढा, आणि एफ-ड्रॉइड टाका, ते ओपन सोर्स ॲपांचं दुकानच आहे. गॅलरी, फाइल मॅनेजर, कॅलेंडर फॉसिफायची घ्या, छोटी नि बिनजाहिरातीची आहेत. आधी सिम्पल मोबाइल टूल्स म्हणून होती ती २०२३ अखेरीस एका कंपनीला विकली गेली, तेव्हा कोड ओपन होता म्हणूनच लोकांना तो उचलून फॉसिफाय काढता आलं, आणि ओपनचा उपयोग काय म्हणून कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देते. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात रेंज जातेय तिथं ऑर्गॅनिक मॅप्स नकाशा फोनमध्येच ठेवतंय. फोनमधनं लॅपटॉपवर फोटो टाकायला लोकलसेंड, इंटरनेट नसलं तरी दोघं एका वायफायवर असले की बास. लिनेजओएस, म्हणजे फोनमधलं मूळ अँड्रॉइड काढून टाकायचं दुसरं ओपन अँड्रॉइड, टाकायचा मोह होईल, पण बूटलोडर, म्हणजे फोनची सिस्टिम बदलू न देणारं कुलूप, उघडताना सगळा डेटा पुसला जातोय आणि नंतर बँकेची नि यूपीआयची ॲपं बऱ्याचदा चालत नाहीत, म्हणून घरात तो एकच फोन असेल तर हात लावू नका. अपडेट बंद झालेल्या फोनवर यूपीआय तसं पण नको.

टाकताना एवढं करा. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची आहे, तुमच्याकडं नेट बरं नसेल तर बेळगावात कुणाकडं तरी उतरवून घ्या. व्हेंटॉय नावाच्या प्रोग्रॅमनं, मशीन ज्याच्यावरनं चालू होतंय असा पेनड्राइव्ह बनवा, आणि आधी पेनड्राइव्हवरनंच चालवून बघा, डिस्कला काही होत नाही. आवाज येतोय का, वायफाय दिसतंय का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का, एवढं तपासा. जुनी हार्डडिस्क पुसू नका, एसएसडी बसवताना ती बाहेर काढून तशीच कपाटात ठेवा, फोटो त्याच्यातच आहेत तोवर काळजी नाही. आणि लॅपटॉपची बॅटरी गेलेली असणारच, तुमच्याकडं पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तर टाकताना मधेच बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर असलेल्या घरात बसून टाका. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळतंय, मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, त्याच्यात वायफायचा ड्रायव्हर बहुतेक मिळतोय. नाही मिळाला तर लॅपटॉपचं मॉडेल खाली लिहा, बघून सांगते.