तोट्यातला शेअर विकवत का नाही?

प्रश्न : गेल्या काही वर्षांत वाढलेले शेअर मी वेळोवेळी विकले आणि पडलेले मात्र ‘खरेदीभाव आला की विकू’ म्हणून तसेच ठेवले. आता डिमॅट खात्यात बहुतेक तोट्यातलेच शेअर उरले आहेत. अमेरिकेतील प्राध्यापक टेरन्स ओडीन यांनी अशा वागण्यावर संशोधन केल्याचे भाचीकडून कळले. ते काय सांगतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओडीन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत वित्तशास्त्र शिकवत आले आहेत. तेथेच विद्यार्थी असताना ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्याकडे शिकले. एखादी रक्कम मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढीच रक्कम गमावल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते, असे कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले होते. हा विचार हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये शेअरविक्रीला लावला.

ओडीन यांनी १९९८ च्या निबंधात एका अमेरिकी दलाली पेढीतील १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ पर्यंतचे व्यवहार तपासले. नुसत्या विक्रीची संख्या मोजून भागले नसते, कारण बाजार चढता असला की खात्यात नफ्यातलेच शेअर जास्त असतात आणि साहजिकच तेच जास्त विकले जातात. म्हणून त्यांनी विक्रीच्या प्रत्येक दिवशी त्या खात्यात नफ्यातले आणि तोट्यातले शेअर किती होते व त्यांपैकी किती विकले गेले, हे पाहिले. नफ्यातल्यांपैकी १४.८ टक्के विकले गेले होते, तर तोट्यातल्यांपैकी अवघे ९.८ टक्के. शिवाय विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी पुढील वर्षभरात, राखून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी सुमारे ३.४ टक्क्यांनी अधिक परतावा दिला. ‘पडलेला शेअर परत वर येईल’ ही आशा त्या खातेदारांना एकंदरीत महागच पडली.

मला स्वतःला सर्वांत बोलकी वाटते ती डिसेंबरची नोंद. अमेरिकेत करवर्ष त्या महिन्यात संपते, त्याआधी शेअर विकून तोटा घेतला तर तो नफ्यातून वजा होऊन कर कमी बसतो, आणि तेवढ्या एका महिन्यात तीच माणसे तोट्यातले शेअर अधिक प्रमाणात विकताना दिसली. तोटा पत्करायला कराचे सबळ निमित्त मिळाले की हात मोकळा होतो, असा याचा अर्थ मी लावतो.

यावरून पडलेला प्रत्येक शेअर विकावा असे ठरत नाही. वरील आकडे सरासरीचे आहेत. मात्र आपला खरेदीभाव बाजाराला ठाऊक नसतो, त्यामुळे तो परत येण्याची वाट पाहणे हे शेअर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. तेवढी रक्कम आज हाती रोख असती तर हाच शेअर घेतला असता का, एवढे प्रत्येकाबाबत स्वतःला विचारावे. आपल्याकडे हे निमित्त ३१ मार्चला येते. दीर्घकालीन भांडवली तोटा (म्हणजे वर्षाहून अधिक काळ ठेवलेला शेअर विकून झालेला तोटा) दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास उरलेला तोटा पुढील आठ वर्षांच्या अशा नफ्यातून वजा करण्यासाठी ओढता येतो.