शब्द दिला आणि झोप उडाली

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रात सिस्टर आहे. बीपी-शुगर तपासायला आलेली माणसं मनातलंही बोलून जातात. दहावीतली एक पोरगी आईसमोर तोंडच उघडत नाही. एक बाळंतीण सारखी रडते. एक आजी चार दिवसांपासून भलतंच बोलून राहिली. मी सगळ्यांना ‘टेन्शन नका घेऊ’ एवढंच सांगते. मागच्या आठवड्यात एक कास्तकार म्हणाले, “सकाळी उठूच नये असं वाटते बाई. पण कोणाला सांगू नका.” मी हो म्हटलं. तेव्हापासून झोप नाही. मी तर फक्त सिस्टर, मी काय करू?

सिस्टर, पत्राखाली तुझा नंबर होता म्हणून त्या कास्तकारांबद्दल फोनवर आधीच बोलले. अशी गोष्ट छापून येईपर्यंत थांबत नाही. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण असा शब्द देऊन बसलेल्या आणखीही जणी असतील.

तो शब्द पाळायचा नाही. ‘गावात चर्चा होऊ देणार नाही’ असं खुशाल सांगावं. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं कधी म्हणू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, तशी जिवाचा धोका टाळण्यापुरती माहिती सांगायची मुभाही आहे. मात्र त्यांच्या पाठीमागे नको. घरी जा, त्यांच्या बाजेवर टेक आणि आधी झोप, जेवण, पराटी म्हणजे कपाशी, सोसायटीचं कर्ज या वाटेनं शीर. ‘मन कसं आहे’ विचारलंस तर ‘बरं हाय’ म्हणून मोकळे होतील. मग सरळ विचार, “भाऊ, जीव द्यायचा विचार येते का?” विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरतं, ही भीती खोटी आहे. कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटणारेच जास्त भेटतात.

हो म्हणाले तर एकटं सोडून निघायचं नाही. घरातलं कोण चालेल ते त्यांनाच विचार. कित्येकांना बायको नको असते, साळा चालतो. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात. तिथूनच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन, आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे. मध्यरात्रीसुद्धा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चालू असतो, मराठीत आणि फुकट. आणि आठ दिवसांनी पुन्हा जा. उलंगवाडी होऊन, म्हणजे कापसाचा हंगाम संपून, हातात काय उरलं ते कळतं, देणेकरी दारात येतात, तेव्हा तर जाच.

‘टेन्शन नका घेऊ’ मात्र सोड. बोलणाऱ्याला त्यातून ‘पुरे आता’ एवढंच ऐकू येतं.

बाळंतीण किती दिवसांची, ते तू लिहिलंच नाहीस, आणि सगळं त्यावर आहे. पहिल्या काही दिवसांचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही रडणं, बाळ झोपलं तरी डोळ्याला डोळा नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, असं असेल तर ते नैराश्य. दूध पाजत असतानाही चालतील अशी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. तिच्याशी बोलायचं असेल तर सासूच्या हाती बाळ देऊन तिला अंगणात उन्हाला बसव. खोलीत तिसरं माणूस असलं की उत्तरं सासूच देते! पण तिला आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल भलता संशय येत असेल, तर उद्यावर टाकू नकोस.

पोरीच्या आईलाही असंच काही काम दे. या वयातलं दुःख रडून दिसेलच असं नाही; चिडचिड, शाळा नको, जेवण नको, असंही निघतं. प्रश्नांची फैर झाडू नकोस. गप्प बसली तर तूही थोडी गप्प बस. जवळच्या रुग्णालयात मैत्री क्लिनिक आहे का पाहा, ते याच वयाच्या मुलांसाठी असतं.

आजीचं ऐकून मात्र माझं डोकं तापलं, तुझ्यावर नाही, घरच्यांवर. चार दिवसांत कोणाची बुद्धी जात नाही. ‘वय झालं’ म्हणतील, ‘बाहेरचं आहे’ म्हणतील. तू ताप बघ, शुगर बघ, लघवीला जळजळ आहे का, पाणी किती पिते, नवी गोळी कोणती सुरू झाली ते विचार. लघवीच्या साध्या संसर्गानंही म्हातारं माणूस असं बरळतं. आजच्या आज डॉक्टरांना दाखव.

राहिलं ‘फक्त सिस्टर’. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याला बसतात, आणि कास्तकार त्यांच्याकडे आपणहून जाणार नाहीत. बीपी मोजायला तुझ्याकडे आले. म्हणून हे ओझं एकटीनं वाहायचं असं नाही. दर आठवड्याला वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर या सगळ्यांची नावं काढ, फोनवर का होईना. आणि 14416 सिस्टरांनाही लागतो. आज रात्रीही झोप आली नाही, तर तूच लाव.