पास काढलास, आता हे ऐक

गाडी लेट झाली की स्टेशनमास्तरवर ओरडू नकोस, त्याच्या हातात फारसं नसतं. तुझ्या गाडीचा रेक (म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच) आधी कुठली फेरी करून येतो, ते शोध. ती फेरीच रखडली असेल तर ही वेळेवर सुटणार कशी? ॲपवर घरबसल्या कळतं. एकदा वेळ हुकली की मागच्या जलद गाडीला वाट देत सिग्नलला ताटकळणं आलंच.

शेवटच्या स्टेशनला गाडी वेळेत पोचली, यावर भुलू नकोस. वेळापत्रकात त्याआधी बऱ्याचदा जादा मिनिटं पेरलेली असतात, म्हणून मध्ये रडतखडत आलेली गाडीही कागदावर वेळेवर! (जर्मनीत तर 6 मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत.)

तक्रार करशील तेव्हा गाडी क्रमांक, तारीख, किती मिनिटं ते लिही. नुसतं ‘रोजच लेट’ लिहिलंस तर थेट केराची टोपली.