आधी कपातीची ओळ वाच

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या पेन्शन योजनेच्या फॉर्मचा आणि सोबतच्या पत्रकाचा तू पाठवलेला फोटो मोठा करून दोनदा वाचला. "काका, यात निवडायला आहेच काय?" असं तू विचारलंस. खरं आहे, कंपनीनं दोनच पर्याय दिलेत. एक विमा कंपनीची ग्रुप सुपरॲन्युएशन योजना, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची एकत्रित निवृत्ती योजना, तिच्यात चार फंड. दुसरा एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, तोही कंपनीनं ठरवलेल्या एकाच फंड मॅनेजरकडे. पण दोनांतूनही निवड चुकते, म्हणून सही करण्याआधी हे पत्र नीट वाच.

तुझ्या वडिलांसोबत अमळनेरच्या मार्केट यार्डात मी कितीदा गेलोय. मक्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात आली की ते भाव वाचत बसत नाहीत, तो लिलावातच कळलेला असतो. त्यांचं बोट सरळ खाली जातं, हमाली आणि तोलाईच्या ओळींवर. "कितलं कापी लिधं रे भाऊ?" हा पहिला प्रश्न. तुझ्या पत्रकावर तू बोट ठेवलंस ते गेल्या वर्षीच्या परताव्यावर. तो आकडा ठळक छापलाय, म्हणून नजर तिकडेच जाते. पण तो परतावा पुढच्या वर्षी तुला मिळेल असं कुणीच लिहून देत नाही. कपात मात्र दरवर्षी ठरलेली.

ती कपात पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे: इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडाचं व्यवस्थापन शुल्क वर्षाला १.२० टक्के. नियमाप्रमाणे अशा युनिट लिंक्ड, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या फंडात वर्षाला १.३५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं, म्हणजे त्यांचं काही चुकलेलं नाही. पण एनपीएसच्या नेहमीच्या योजनांत हेच शुल्क शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्या आसपास आहे. एकीकडे एक रुपया वीस पैसे, दुसरीकडे दहा पैसे. हे शुल्क कुणी वेगळं मागत नाही, रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या भावातूनच वजा होतं, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ते नुसत्या नफ्यावर नसतं. साचलेल्या सगळ्या रकमेवर असतं, आणि बाजार पडला त्या वर्षीही लागतं.

मी काल रात्री वहीत हिशेब मांडला. महिना ५,००० रुपये, ३० वर्षं. वर्षाला १० टक्के मिळाले असं फक्त हिशेबापुरतं धर. रक्कम होते साधारण १ कोटी १३ लाख. त्यातून दरवर्षी एकच टक्का खर्चात गेला, हाती ९ टक्के राहिले, तर होतात साडेएक्याण्णव लाख. फरक साडेएकवीस लाखांचा. आणि ३० वर्षांत भरलेली एकूण रक्कम किती? १८ लाख. एक टक्का म्हणता म्हणता भरलेल्या सगळ्या पैशांहून जास्त रक्कम निघून जाते. मी बेरीज तीनदा तपासली.

हे मला उशिरा कळलं, म्हणून इतकं सांगतोय. २००७ साली ओळखीच्या एजंटकडून मी पेन्शन पॉलिसी घेतली, हप्ता वर्षाला २४,००० रुपये. आमच्या ओट्यावर बसून त्यानं कळण्याची भाकरी खाल्ली आणि मी सही केली. पहिलं स्टेटमेंट आलं, त्यात युनिट होती १८,००० रुपयांची. ६,००० रुपये गुंतवणूक सुरू होण्याआधीच गेले होते. तो कागद हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते अजून आठवतं. २०१० साली विमा नियामकानं असल्या शुल्कांवर मर्यादा घातली, पण माझे हप्ते तोवर भरून झाले होते.

तेव्हा तू एनपीएस घे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पुढे एलसी (लाइफ सायकल) २५, ५० आणि ७५ असे पर्याय दिसतील. हा आकडा म्हणजे वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत शेअर बाजारात जाणारा जास्तीत जास्त टक्के हिस्सा. पुढे वयाप्रमाणे तो आपोआप कमी होतो. एलसी ५० मध्ये वर्षाला दोन टक्के उतरत पंचावन्नाव्या वर्षी दहावर येतो. तू चोवीस वर्षांची आहेस, आणि दुसरीकडे तुझा पीएफ आहेच. त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं. म्हणजे तुझ्या म्हातारपणाच्या पैशांचा मोठा भाग आधीच ठरीव व्याजात आहे. दोन्ही खाती एकत्र धरून बघ, मग एलसी ७५ मला तुझ्यासाठी योग्य वाटतं. बाजार पडला की छातीत धस्स होत असेल तर ५० घे, त्यात काही वाईट नाही. चार वर्षांनी घाबरून बदलण्यापेक्षा ते बरं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीएसमध्ये शंभर टक्क्यांपर्यंत शेअरमध्ये जाणाऱ्या नव्या योजनाही आल्यात. त्यांना ०.३० टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं. कुणी आग्रह केला तर हा आकडा आठव.

कंपनी एनपीएसमध्ये स्वतःचा हिस्सा भरणार असेल तर तो सोडू नकोस. नव्या करप्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत त्यावर सूट आहे. पण हा पैसा बरीच वर्षं बहुतांशी अडकतो, आणि शेवटी सहसा काही हिस्सा पेन्शनसाठी द्यावा लागतो. म्हणून लग्नाचे, घराचे पैसे यात घालू नकोस. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीत वळवून घे.

सोमवारी अकाउंट्समध्ये जाऊन दोन्ही पर्यायांचा वर्षाचा एकूण खर्च लेखी माग. आता तिथं बसणारी मुलं माझ्या हाताखाली शिकलेली आहेत, टाळाटाळ करणार नाहीत. कागद मिळाला की फोटो पाठव आणि वडिलांनाही दाखव. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडा कुठे बघायचा ते त्यांना तुझ्या-माझ्याहून जास्त कळतं.

तुझा,
काका